लाल ठिपक्यांचा कप्पा

बुधवार, ७ मे

अखेर प्रबंधाचं काम सुरू झालं. ते विद्यापीठाच्या शेडमध्ये व्हायचं होतं, पण मार्चच्या गारपिटीत त्या शेडचं छप्पर खाली आलं. माझे मार्गदर्शक इंजिनिअर पाल्मा म्हणाले, "डेलिया, तुझ्या गावी जागा आहे ना? मग ने तुझे कुय तिकडे." जी मुलं वेळेवर शिकली त्यांना दुसऱ्या शेडमध्ये जागा मिळाली. चौतिसाव्या वर्षी परत वर्गात येऊन बसलेल्या बाईला गावी पाठवलं. असो.

तर आमच्या मागच्या अंगणात बाबांनी पत्रा टाकून दिला आणि त्याखाली तीन कप्पे केले. कुय तेच, शहरातली पुस्तकं ज्यांना गिनीपिग म्हणतात. आमच्याकडे ते प्रत्येक घरात चुलीपाशी हुंदडतात आणि सणाला ताटात येतात. पहिल्या कप्प्याला बार्लीचं काड आणि कोंडा, म्हणजे प्रथिनं कमी. दुसऱ्याला बेताची. तिसऱ्याला सोयाबीनची पेंड, म्हणजे भरपूर. एक बुधवार सोडून एक बुधवार त्यांच्या मागच्या पायातून थोडं रक्त घ्यायचं आणि प्रयोगशाळेत द्यायचं. खाण्यात प्रथिनं जितकी जास्त, तितका रक्तातला युरिया जास्त, हे दाखवायचं. इंजिनिअर म्हणाले, "यात डोकं लावण्यासारखं काही नाही." तेवढ्याचसाठी मी हा विषय घेतला.

खुणेसाठी पाठीवर आईच्या लोकर रंगवायच्या रंगाचे ठिपके दिले. कमीवाले हिरवे, मधले पिवळे, भरपूरवाले लाल. आई मागावरून उठून बघायला आली.

"लालवाल्यांना काय घालतेस?"

"पेंड. सगळ्यात सकस खाणं. त्यांचं रक्त सगळ्यात ताकदीचं होणार बघ."

"आणि या हिरव्यांना?"

"काड."

"बिचारे," आई म्हणाली आणि तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी अनाथालय चालवते आणि मुलांचं दूध विकते.

रविवार, ११ मे

संत सान्तियागोच्या जत्रेसाठी गावच्या बँडचा सराव सुरू झाला. बाबा सॅक्सोफोन वाजवतात, म्हणजे मी जन्मायच्या आधीपासून. आज दुसऱ्याच गाण्याला थांबले आणि खुर्चीवर बसले. म्हणाले, उंचीमुळे दम लागतो. सगळा जन्म या डोंगरात काढलेला माणूस हे म्हणतो! बूट पायात जात नाहीत म्हणून आईच्या चपला घालून आले होते, त्यावरून बँडवाल्यांनी त्यांची भरपूर खेचली. चेहराही सकाळी सुजलेला असतो.

मी म्हटलं, "बाबा, शहरातल्या हॉस्पिटलात दाखवू."

"तुझा काका तिथे चालत गेला होता. आला कसा, आठवतंय ना?"

काका पेटीतून आला, हे खरं आहे. पण तो गेला तेव्हाच अर्धा गेलेला होता.

"जत्रा होऊ दे, मग बघू," बाबा म्हणाले. जत्रा जुलैच्या शेवटाला आहे. आईचं म्हणणं वेगळंच. गारपिटीत बाबा पाटात पडले तेव्हा त्यांना भीती बसली, आणि ती भीती अंगात उतरली आहे.

त्यांना जवळ घेतलं तर तोंडाला कप्प्यांसारखा वास आला. की तो माझ्याच हातांना येतो? दिवसभर ओलं काड उपसल्यावर दुसरं काय होणार.

शुक्रवार, २३ मे

पहिले आकडे आले. हिरवे कमी, पिवळे मध्ये, लाल वर. पुस्तकातल्या चित्रासारखं! प्रयोगशाळेतला एदिल्बेर्तो फोनवर म्हणाला, "बाई, तुमचे कुय फार आज्ञाधारक आहेत. लग्न झालंय का त्यांचं?" हा माणूस प्रत्येक वाक्यात लग्न आणतो.

संध्याकाळी म्हातारी सेनोबिया आमच्या दारातून बाहेर पडताना दिसली. ती वैदू. जिवंत काळा कुय आजाऱ्याच्या अंगावरून फिरवते, मग तो चिरते आणि त्याच्या आतड्याकाळजात आजार वाचते. मी परत आले तेव्हाच आईला बजावलं होतं, मी या घरात आहे तोवर हे प्रकार नकोत, मी जनावरांचं शास्त्र शिकतेय, गावात माझं हसं होईल. आई म्हणाली, सेनोबिया लोकर न्यायला आली होती. तिच्या हातात लोकर नव्हती, पण ती म्हातारी विसरभोळी आहे.

बाबांसाठी आईने वाटीभर रस्सा केला होता. कोंबडीचा. मावशीने कोंबडी पाठवली म्हणे.

बुधवार, ४ जून

आज रक्त घेताना एक लालवाला हातात अगदी हलका लागला. वजन केलं तर खरंच उतरलेला. पेंड खाऊन उतरतो? आणि त्याच्या पाठीवरचा ठिपका लालही नाही, तपकिरी. बहुतेक मुताने रंग उडतो. आईला विचारलं तर ती मागावरून मान वर न करता म्हणाली, "स्वस्तातला रंग आहे. तुला चांगला कोण देणार?"

शुक्रवार, ६ जून

आकडे आले. लाल कप्प्यातले दोन इतके खाली की त्यांनी पेंड कधी बघितलीसुद्धा नसावी. हिरव्यातले दोन मस्त वर. एदिल्बेर्तोला म्हटलं, तुमचं यंत्र बिघडलं. तो म्हणाला, "यंत्र ठीक आहे. नळ्या तुम्ही उलटसुलट केल्या. मन दुसरीकडे असेल. कोण आहे तो?" मी फोन ठेवला.

नळ्यांवर मीच लिहिते, मीच त्या देते. मी उलटसुलट केल्या का? विचार करून करून मला खात्री वाटेनाशी झाली.

मंगळवार, १७ जून

मंगळवारी आणि शुक्रवारी विद्यापीठात तास असतात, सकाळी जाते ती अंधार पडल्यावर येते. इंजिनिअरनी आकडे बघितले आणि चष्मा काढला. "डेलिया, कोंडा आणि पेंड यांतला फरक तुला कळतो ना?" वर्गातली पोरं हसली. घरी आले तर स्वयंपाकघरात रश्श्याचा वास. पुन्हा मावशीची कोंबडी. मावशीने एवढ्या कोंबड्या कधी पाळल्या? चिक्कू बाई, स्वतः अंडं खात नाही आणि बाबांना कोंबड्या पाठवते. एकदा जाऊन तिचे आभार मानायला हवेत.

बाबा खुर्चीत बसून जेवत होते, आई पाठमोरी भांडी घासत होती. खाली मिनिस्त्रो बसलेला. मिनिस्त्रो म्हणजे मंत्री, आमचा कुत्रा. काही न करता खातो म्हणून बाबांनी हे नाव ठेवलं. हल्ली एवढा फुगलाय की उठताना कण्हतो. माझी पेंड तर खात नाही ना? उद्या पोत्याला दोरी बांधेन.

गुरुवार, १९ जून

पोत्याला दोरी बांधली. पेंड जागच्या जागी आहे. मंत्री तसाच गोल.

कालच्या रक्ताचे आकडे आणखी वाईट आहेत. मी बटाटे सोलायला शेडमध्ये बसले होते, तर एक हिरवावाला सालांचा आवाज ऐकून धावत जाळीपाशी आला आणि मागच्या पायांवर उभा राहून कुंईकुंई करायला लागला. माझ्या कुयना मी साल कधी दिलेलं नाही. हे चुलीपाशी वाढलेल्याचे चाळे. विद्यापीठातून आणलेल्या जनावराला ही विद्या कुठून आली? एक हिरवा ठिपका, चार पाय आणि माझ्याकडे मागणी. मी त्याच्याकडे बघत बसले आणि त्याने माझ्याकडे.

मला काही कळत नाही. रडायला आलं, मग स्वतःचाच राग आला.

बाबांना रात्रभर खाज सुटते. पाठ भिंतीला घासतात. आई म्हणते लोकरीमुळे. चाळीस वर्षांनी लोकर बाधली?

मंगळवार, १ जुलै

इंजिनिअर म्हणाले, पुढचेही आकडे असेच आले तर प्रबंध बंद, दुसरा विषय, दुसरं वर्ष. माझ्याकडे दुसरं वर्ष नाही.

बाबांनी सराव सोडला. आज सॅक्सोफोन मांडीवर घेऊन नुसते कळा दाबत होते, फुंकर न घालता. त्याचा टकटक आवाज येत होता. मी कोंडा मोजायला गेले. ताकद यावी म्हणून आई किती करते त्यांच्यासाठी! मी तर नुसती बघते.

मंगळवार, ८ जुलै

हे शहरात बसून लिहितेय.

बटाट्याला चांगला दर मिळावा म्हणून शेतकऱ्यांनी रस्ता अडवला, धोंडे टाकून. बस अर्ध्या वाटेवरून फिरली. दुपारीच घरी पोचले. स्वयंपाकघरात आई पाटावर बसलेली, गुडघ्यांत एक हिरवा ठिपकेवाला कुय धरलेला, आणि लोकरीच्या रंगात बुडवलेल्या कुंचल्याने त्याच्या पाठीवर लाल लावत होती. लाल हिरव्यावर बसून तपकिरी होत होता. शेजारी पातेलं उकळत होतं. पातेल्यात लालवाला. आणि दाराशी चुलीपाशीच्या कुयांपैकी एक, ओल्या हिरव्या ठिपक्याचा, रंग वाळायची वाट बघत बसलेला.

मी ओरडले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मग आईही ओरडली.

"सेनोबियाने सांगितलंय! मंगळवार आणि शुक्रवार, एक पूर्ण कुय, ताकदीच्या रक्ताचा! चुलीपाशीच्यांत कसली ताकद? तूच म्हणालीस लालवाल्यांचं रक्त ताकदीचं!"

"मग मला विचारायचंस!"

"विचारलं असतं तर दिला असतास? तू म्हणालीस घरात हे नको. नवऱ्याला भीती लागलीय, तो वाळत चाललाय, आणि तू उंदरागत बसून कुयांचं मूत मोजतेस!"

"मूत नाही, रक्त!"

"तुझ्या बापाचं कधी बघितलंस?"

बाबा दारात उभे होते. म्हणाले, "दोघी गप्प बसा. शेजारी आधीच जत्रेला आलेत असं वाटतंय."

मी पिशवी उचलली आणि शहरात निघून आले. रस्ता अडवलेलाच होता, तेवढं अंतर चालले.

गुरुवार, १० जुलै

वर्गमैत्रिणीच्या खोलीवर आहे. आता सगळं स्पष्ट झालं. मंगळवारी आणि शुक्रवारी आई लाल उचलायची, त्याच्या जागी हिरवा, हिरव्याच्या जागी चुलीपाशीचा, लसूणघास खाऊन वाढलेला. बुधवारी मी रक्त घ्यायची. एदिल्बेर्तोचं यंत्र बरोबर, माझ्या नळ्या बरोबर, कुयही बरोबर. सगळे बरोबर आणि प्रबंध मातीत.

स्पष्ट झालं म्हणते, तरी मन थाऱ्यावर नाही. काहीतरी राहून गेलंय असं वाटतं. आईचं ते वाक्य डोक्यातून जात नाही.

शनिवार, १२ जुलै

घरी आले. दोन दिवस गरम पाण्याने न्हाले होते, मैत्रिणीचे धुतलेले कपडे अंगावर होते. मंगळवारपासून एका कुयला हात लावला नव्हता. बाबांनी दारातच मला मिठीत घेतलं, "रुसवा संपला का गं?" म्हणाले.

आणि तोच वास आला. कप्प्यातल्या मुताने ओल्या काडाचा. त्यांच्या श्वासाला.

माझ्या हातांचा नव्हता तो. कधीच नव्हता. सुजलेला चेहरा, पाय, खाज, दम. एखाद्या कुयमध्ये हे दिसलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं की याची मूत्रपिंडं गेली, युरिया रक्तातच साठतोय. दोन महिने मी ज्याच्यासाठी लहान लहान पाय धरून सुया टोचतेय, ते माझ्यासमोर खुर्चीत बसलं होतं. आणि आई मंगळवार-शुक्रवार त्यांना मांस घालत होती, जे अशा माणसाला मुळीच द्यायचं नसतं. माझ्याच लाल कप्प्यातलं. मला ताकदीचं रक्त म्हणायची काय गरज होती!

मला उलटी आली. आईला वाटलं बसमुळे.

रविवार, १३ जुलै

हॉस्पिटलला नाहीच म्हणाले. जत्रा होऊ दे. मग मी म्हटलं, "बरं, मला नुसतं थोडं रक्त द्या. कुयांशी ताडून बघायला."

हात पुढे केला त्यांनी. "घे. पण मग मलाही ठिपका लाव."

"कुठला?"

"लाल. हिरव्यांना खायला घालत नाहीस तू."

मी खरंच लावला, मनगटावर. हसताना माझे डोळे भरून आले, तर म्हणाले, "सुई मला टोचलीस आणि रडतेस तू."

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत माणसाचं रक्त घेत नाहीत. म्हणून नळीवर लिहिलं: लाल, शेवटचा.

मंगळवार, १५ जुलै

एदिल्बेर्तोचा फोन आला. आज लग्नाची गोष्ट काढली नाही.

"डेलिया, तो लाल शेवटचा. मेला ना?"

मी म्हटलं, "का?"

"मी दोनदा करून बघितलं. असा आकडा घेऊन जनावर उभं राहत नाही. रक्त घेताना जिवंत होता का तो?"

मी अंगणात बघितलं. बाबा विळ्याने लसूणघास कापत होते, चुलीपाशीच्या कुयांसाठी. दोन मुठी कापायचे, थांबायचे, पुन्हा दोन मुठी.

"उभा आहे," मी म्हटलं. "घास कापतोय."

मग तो हळूच म्हणाला, "माझ्या भावाची गाडी आहे. पहाटे पाठवतो."

मी जाऊन बाबांना जे घडलं ते तसंच सांगितलं. एदिल्बेर्तोचा प्रश्नसुद्धा. मेला ना? बाबा आधी हसले, हसता हसता खोकले, मग विळा गवतावर ठेवला.

"असं विचारलं त्याने?"

"हो."

"त्याला सांग, अजून नाही." आणि थोड्या वेळाने, "सॅक्सोफोन बरोबर घेऊ देतील का गं तिथे?"

शनिवार, १९ जुलै

बाबांना रक्त धुणाऱ्या यंत्रावर ठेवलंय. आता हे नेहमीचंच, आठवड्यातून तीनदा. पण सूज उतरली आणि काल त्यांनी स्वतःहून बटाटा मागितला. नर्सने मनगटावरचा लाल ठिपका पुसायचा प्रयत्न केला, निघाला नाही. आई म्हणत होती स्वस्तातला रंग!

आज डॉक्टरांनी आईला विचारलं, ते काय खात होते. आईने अभिमानाने सांगितलं, मंगळवारी आणि शुक्रवारी एक पूर्ण कुय, मे महिन्यापासून. डॉक्टर तरुण आहेत, त्यांना सबुरी नाही. "बाई, म्हणजे आगीत तेलच घातलंत की तुम्ही!"

आई तिथून उठली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. हात मांडीवर, तळवे वर. मी पाणी नेलं, घेतलं नाही. भाकरी नेली, घेतली नाही. मी तिला सांगितलं की चूक माझी आहे, ताकदीचं रक्त मी म्हणाले, घरात हे नको मी म्हणाले. तिने ऐकलं की नाही कुणास ठाऊक. मला तिच्यावर राग धरायचा होता. कुठे धरायचा तेच कळेना.

रविवार, २० जुलै

आई कालपासून बोललेली नाही. बाबांनी मला जवळ बोलावलं. "तिला काय झालं?"

मी सांगितलं.

मग म्हणाले, "बोलाव तिला."

आई आली, पण पलंगापासून दूर उभी राहिली.

"फोर्तुनाता, ऐक. मला मे महिन्यापासून मांसाची चव नाण्यांसारखी लागते. तुझा एक तुकडा मी गिळला नाही."

आई एक पाऊल पुढे आली.

"तू पाठ वळवायचीस. मंत्री पुढे यायचा."

"सगळं?" आई म्हणाली.

"रस्सा एक-दोन घोट. बाकी सगळं. हाडंसुद्धा."

"आणि मला सांगायला जीभ झडली होती?"

"तू एवढ्या जिवाने करायचीस. घास जात नाही हे कुठल्या तोंडाने सांगू?"

आईचा चेहरा लाल झाला. सगळा वॉर्ड ऐकत होता. "माझे कुय! रंगवून रंगवून माझी बोटं हिरवी झाली! आणि कुत्र्याला?"

"माझे कुय, आई," मी म्हटलं.

"तू गप्प बस!" दोघंही म्हणाले.

शेजारच्या पलंगावरचा म्हातारा एवढा हसला की त्याची नळी निघाली.

मंगळवार, २२ जुलै

आईला घेऊन कपडे न्यायला घरी आले. शेडमध्ये लाल, हिरवे, तपकिरी सगळे ओरडत होते. इंजिनिअरचा निरोप आलाय, निष्कर्ष काय लिहिणार ते कळव. काय कळवू? मला अजून नीट उमगलेलं नाही.

मिनिस्त्रो दारात आडवा पसरलेला होता. आई त्याच्यासमोर उभी राहिली. मला वाटलं आता लाथ बसते. तोही तसंच समजला असावा, त्याने कान पाडले. आई खाली बसली, हॉस्पिटलात एकदाही रडली नव्हती ती, त्याच्या जाड मानेला मिठी मारून तिने तोंड त्याच्या केसांत खुपसलं.

"खाल्लंस रे राजा," ती म्हणत होती, "सगळं खाल्लंस. बरं केलंस."

मी तिला तिथेच ठेवून आत गेले आणि चूल पेटवली.